प्रभुभोजनाच्या पोळ्या

आमच्या मंडळीत कुणाला कुणाशी भांडायचं असेल तर तो प्रार्थना करतो. समोरासमोर कुणी कुणाला काही बोलत नाही. "सलाम ताई, सलाम दादा" म्हणत सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललेलं असतं. पण डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली, की पोटात साचलेलं सगळं देवाच्या नावानं बाहेर पडतं. हे प्रभू, काही लोक उपासनेला दुसरं गीत संपल्यावर येतात, त्यांना घड्याळाकडे बघायची बुद्धी दे. हे प्रभू, नाताळात ज्यांनी माझं इडलीपात्र नेलं, त्यांना ते कुठे ठेवलंय याची आठवण कर. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं, आणि शेवटी त्यालाही सगळ्यांबरोबर आमेन म्हणावं लागतं.

आमचं चर्च वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आहे. मिशनच्या काळातलं, कौलारू, लहानसं. कुटुंबं मोजकीच, त्यातली निम्मी एकमेकांची सोयरी आणि उरलेली दवाखान्यात नोकरीला. मीही दवाखान्यातच नर्स आहे. सर्जरीच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यामुळे माझा आवाज आता घरातही वॉर्डातलाच असतो. भेटीच्या वेळी एका पेशंटच्या पलंगावर चार-चार पाहुणे बसलेले दिसले की मी दारातून "उठा!" म्हणून ओरडते, आणि मग पाहुण्यांबरोबर टाके घातलेला पेशंटही उठून उभा राहतो. माझं तोंड वाईट आहे. ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांत जास्त माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

आता आत्याबाई. त्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नाहीत, पण लहानथोर सगळे त्यांना आत्याबाईच म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्या बाकावर बसून त्यांना शेवटच्या बाकावरची बाई जांभई देताना कशी दिसते हे कोडं आजवर कुणाला सुटलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि मनुकांच्या रसाचा पेला घ्यायचा, आणि त्याची भाकर म्हणजे आत्याबाईंनी घरी केलेल्या पोळ्या. पांढऱ्या धुतलेल्या कापडात त्या बांधून आणायच्या आणि गठुडं तसंच मेजावर ठेवायचं. त्याची गाठ पाळकांनीच सोडायची, तीही सगळे गुडघे टेकायला पुढे यायच्या अगोदर. तोवर त्या कापडाला कुणी हात लावत नाही. ही पद्धत कुणी घातली हे विचारलं तर आत्याबाई म्हणतात, "पयल्यापासूनच हाय," म्हणजे त्यांनीच घातली असणार.

गणपतीच्या दिवसांत महिला मंडळाची प्रार्थनासभा माझ्या घरी होती. बायका फाटकाशी पोचल्या आणि नेमकी तेव्हाच मी दूधवाल्याला दुधातल्या पाण्याबद्दल जे सांगायचं ते सांगत होते. सगळ्यांनी ऐकलं. मग आत बसलो, दोन गीतं झाली आणि आत्याबाईंनी प्रार्थनेला सुरुवात केली.

"हे बापा, या घरच्या मालकिणीले तू सगळं देल्लं. घर देल्लं, नोकरी देल्ली, गरीब गाईसारखा नवरा देल्ला. आता तिच्या जिभेले लगाम दे. तिचा आवाज फाटकाच्या बाहेर जाऊ देऊ नोको, बापा."

बायकांनी आमेन म्हटलं, आणि एरवीपेक्षा बऱ्याच मनापासून म्हटलं.

पुढची पाळी माझी होती. मी शांतपणे चहा-नाश्त्यासाठी देवाचे आभार मानून मोकळी झाले असते तर हा सगळा प्रकार घडलाच नसता. पण माझी कानशिलं तापली होती. मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभू, ज्यांची नजर पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत जाते आणि तिथून लोकांच्या घरात शिरते, त्यांची नजर तू थोडी कमी कर. आमेन."

कुणी आमेन म्हटलं नाही. फक्त स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या माझ्या नवऱ्यानं, काय प्रार्थना झाली हे न ऐकताच, मोठ्यानं "आमेन!" म्हटलं.

आत्याबाईंनी चिवडा खाल्ला, चहा घेतला आणि छत्री उचलून गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही.

राग मला नेहमी येतो आणि तसाच जातो. दूधवाला दुसऱ्या दिवशी परत येतो, मीही त्याला मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारते. पण हे निराळं होतं. एका म्हाताऱ्या बाईचे डोळे अधू व्हावेत असं मी मागितलं होतं, आणि तेही ओरडून नाही, हात जोडून. ते मला आतून लागलं. पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, की मेजाजवळ येण्याअगोदर प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी खरोखर परीक्षा केली आणि सपशेल नापास झाले. सगळे उठून पुढे गेले. नवरा थोडा थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि तोही गेला. मी बाकावर एकटी. आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये पुढे गेलेला माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. बसून राहिलेला सगळ्यांना दिसतो.

पुढच्या महिन्यात मी पहिल्या रविवारची ड्यूटी मागून घेतली. रविवारची ड्यूटी आपणहून मागणारी नर्स म्हटल्यावर वॉर्डात माझी लोकप्रियता वाढली. मग हळूहळू बाकीचे रविवारही सुटले. कधी पडदे धुवायला काढले, कधी डोकं दुखलं. मनातला हिशेब साधा होता: अगोदर आपण जरा बरं माणूस व्हावं, मग जावं. घाणेरडे पाय घेऊन धुतलेल्या चादरीवर कशाला चढायचं?

बरं व्हायचा प्रयत्नही मी केला. एक आठवडा कुणावर ओरडायचं नाही असं ठरवलं. सोमवार कसाबसा निभावला. मंगळवारी एका पेशंटचा मामा त्याच्याच पलंगावर मांडी घालून संत्री सोलताना आणि साली सलाईनच्या स्टँडला अडकवलेल्या पिशवीत टाकताना दिसला. त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी घरी येऊन बायबल उघडायला गेले तर त्यावर एवढी धूळ होती, की अगोदर फडकं आणावं लागलं, आणि फडकं हातात आल्यावर मी सगळं कपाटच पुसत बसले.

पण करमायचं नाही. हे खरं सांगितलं पाहिजे. रविवारी सकाळी चर्चची घंटा आमच्या अंगणात ऐकू येते. ती वाजली की मी नळ मोठा करायचे. पेटी आणि तबल्यावरची भजनं मला फार आवडतात. माझा आवाज तिथं कुणाला मोठा वाटत नाही. नवरा बायबल काखेत मारून एकटाच जायचा, परत येऊन कुणी कुणी माझी चौकशी केली ते सांगायचा, आणि मी भाजी निवडत ऐकत नसल्यासारखं दाखवायचे. त्याला कधी म्हणाले नाही, पण आपल्यासाठी आता ते दार बंद झालं की काय, अशी भीती मला वाटायला लागली होती.

शेजारीण एकदा वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन आली. त्यांच्या घरची भाजीची वाडी आहे, बाजारात न्यायच्या भाजीतलं मूठभर आमच्याकडे येतं. माझ्या हातात झाडू बघून तिनं विचारलं, "काऊन वं सिस्टर, आज इतवार न् तू घरीच? देवळात नाई गेली?"

"भांडण झालं माझं एका बाईशी," मी म्हणाले. "तशा मनानं कसं जायचं?"

"अवं माय!" तिनं कंबरेवर हात ठेवले. "मी न् माही सासू एकाच गाडीवर बसून महादेवाले जातो. तिचं तोंड तिकडं, माहं इकडं. तिची गाऱ्हाणी ती सांगते, माही मी. मंग संगंच येतो वापस, भाजीबी संगंच आणतो."

मी हसले. पण तुमचं वेगळं, आमचं वेगळं, असं मनात म्हणून झाडू मारत राहिले.

थंडी पडली आणि एका रविवारी नवरा चर्चमधून आला तो बातमी घेऊनच. आत्याबाई उपासना संपल्यावर बाहेर पडताना दाराची पायरी चुकून पडल्या. उजवं मनगट मोडलं. पायरी दिसलीच नाही म्हणे.

सरकारी कार्यालयात अर्ज करावा, तो आपण विसरून जावा, आणि कित्येक महिन्यांनी मंजूर होऊन यावा, तसं झालं होतं. हाडांचा वॉर्ड आमच्या वॉर्डाच्या वरच आहे. त्या प्लास्टर घालायला आल्या तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब आमच्याकडे आले. तरुण आहेत, नगरकडचे, आमच्या मंडळीत नवीनच. खुर्चीत बसले, चिवड्याची बशी घेतली आणि म्हणाले, "ताई, या रविवारी प्रभुभोजन आहे आणि पोळ्या करायला कुणी नाही. आत्याबाईंनी तुमचं नाव सांगितलं."

"माझं?"

"तुमचंच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सभा, दूधवाला, त्यांची प्रार्थना, माझी प्रार्थना, पायरी. सांगताना माझा आवाज चक्क लहान झाला. ते शेंगदाणे वेचून खात ऐकत होते.

"म्हणजे त्यांची नजर कमी व्हावी असं तुम्ही मागितलंत," ते म्हणाले.

"हो."

"ती कमी झालेली नाही. काल भेटायला गेलो तर प्लास्टर बांधलेल्या हातानं माझ्या सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, खालून दुसरं बटण सैल झालंय."

मला हसू आलं, आणि हसता हसता बरंच मोकळं वाटलं. पण म्हणाले, "पोळ्या करून देईन. त्या मेजावर ठेवीन. प्रभुभोजनाला मात्र मी थांबणार नाही. मला ते जमायचं नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. त्यांनी मला थोडा आग्रह करायला हरकत नव्हती, असं मला नंतर वाटत राहिलं.

शुक्रवारी मी आत्याबाईंकडे पोळ्यांची रीत विचारायला गेले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी वाटेत जुळवून आणलेलं वाक्य काढलं, "आत्याबाई, त्या दिवशी माझ्या घरी..."

"कणिक चाळून घेजो," त्या म्हणाल्या.

"नाही, मी म्हणत होते की तेव्हा मी जे..."

"मीठ नाई, तेल नाई, दूध नाई. नुसतं पाणी. जाड लाटजो. आच मंद ठेवजो. डाग पडू देऊ नोको. अन् थंड झाल्याबिगर बांधजो नोको, ओल्या होते."

"मलाच का सांगितलंत?" मी शेवटी विचारलं.

"मंडळाच्या जेवणात तुह्या पोळ्या खाल्ल्या मी. तोंड खराब हाय म्हणून हात थोडाच खराब राह्यते?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बारीक झाली तू. चा ठेव. मलेबी दे."

माफी मागायला गेलेली मी चहा करून, भांडी घासून आणि वर चार बोलणी खाऊन परत आले. माफी राहिलीच.

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर दोन परातींत कणिक होती. एक चर्चची. दुसरी नवऱ्याच्या प्रवासाची. त्याच्या जुन्या मित्राच्या मुलीचं आष्टीला साक्षगंध होतं आणि तो सकाळच्या पहिल्या बसनं निघणार होता. लांबच्या प्रवासात त्याला बाहेरचं चालत नाही. हळद, मीठ, ओवा आणि चांगलं सणसणीत तिखट घातलेल्या जाड पोळ्या त्याला लागतात, त्या दोन दिवस टिकतात. मी अगोदर चर्चच्या केल्या. त्या लाटताना माझ्या तोंडून आपोआप प्रार्थना निघत होती आणि मला फार बरं वाटत होतं. मधेच नवरा "माहे मोजे कोठी गेले?" विचारत आला. प्रार्थना थांबवून मी त्याला मोजे नेमके कुठे गेले असतील याबद्दल माझं मत सांगितलं, आणि मग उरलेली प्रार्थना पुरी केली. दोन्ही प्रकारच्या पोळ्या थंड झाल्यावर एकाच जुन्या धुतलेल्या चादरीचे दोन तुकडे करून दोन गठुडी बांधली. दोन्ही पांढरी, दोन्ही सारखी. एक खिडकीशी ठेवलं, एक गॅसजवळ. घरभर ओव्याचा वास भरला होता, त्यामुळे कुठल्या गठुड्याला कसला वास येतो हे कळायला मार्गच नव्हता.

सकाळी अंधारातच मी नवऱ्याच्या पिशवीत गठुडं घातलं आणि तो गेला. मी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, गठुडं घेऊन लवकरच चर्चमध्ये पोचले. मेजावर मनुकांच्या रसाचे छोटे पेले जाळीच्या रुमालाखाली मांडून ठेवलेले होते. त्यांच्या शेजारी गठुडं ठेवलं आणि शेवटच्या बाकावर, दाराच्या अगदी जवळ बसले. इतक्या महिन्यांनी आले होते. लोक येताना माझ्याकडे बघून मान हलवत होते, कुणी काही विचारलं नाही. आत्याबाई आल्या, हात गळ्यात, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. भजन सुरू झालं. मी गायले. कौलं हलतील इतकं मोठ्यानं गायले आणि पोटभर जेवल्यासारखं वाटलं. उपदेश संपला की मेजाअगोदर एक गीत होतं. त्या गीतात हळूच उठून निघायचं, असं मी ठरवलं होतं.

उपदेश संपता संपता पर्समधला फोन थरथरला. नवरा. मी बाहेर कडुलिंबाखाली आले.

"काय वं," तो म्हणाला. मागे बसचा खडखडाट. "रागात केल्या काय पोळ्या? मीठच नाई त्यात."

"काय?"

"हळद नाई, तिखट नाई, पांढऱ्या फटक. बाजूच्या आजोबाले एक देल्ली तं ते म्हणते, तुमचं पथ्यपाणी चालू हाय काय?"

"किती खाल्ल्या?"

"भूक लागलीती वं. एक शिल्लक हाय. काऊन?"

मी फोन बंद केला. आतून गीताचा सूर लागला. म्हणजे आता गाठ सुटणार होती. समोर फाटक होतं, फाटकाशी माझी स्कूटी, आणि पर्समध्ये किल्ली. मी निघून गेले असते तर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर कापड उघडलं असतं आणि आतून पिवळ्याजर्द, ओव्याचे ठिपके असलेल्या पोळ्या निघाल्या असत्या. लोकांनी काय समजलं असतं? की आत्याबाईंवरचा राग हिनं प्रभूच्या मेजावर काढला. आणि मग या फाटकातून परत आत यायचं तोंड मला उरलं नसतं. आत गेले तरी लाज होतीच. पण ती लाज दाराच्या आतली होती. मला बाहेर राहायचं नव्हतं. एवढं त्या झाडाखाली मला लख्ख कळलं.

मी दोन बाकांच्या मधल्या वाटेनं तरातरा पुढे गेले. कित्येक महिने त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. लोक गाताना माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेब मेजामागे उभे होते. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"पाळकसाहेब, पोळ्या बदलल्या. ह्या प्रवासाच्या आहेत. हळद आहे, ओवा आहे. तिखट पण आहे."

ते गठुड्याकडे बघत राहिले. "तिखट किती आहे?"

"आमच्या ह्यांना लागतं तेवढं."

"काय झालं?" पहिल्या बाकावरून आत्याबाई. गीत तिथंच थांबलं. पेटीवाला डोळे मिटून होता, तो एकटाच आणखी दोन ओळी वाजवत राहिला.

आता कानात बोलून उपयोग नव्हता. मी मंडळीकडे वळले आणि माझ्या वॉर्डातल्या आवाजात सांगून टाकलं, की गठुडी माझ्या हातून बदलली, प्रभुभोजनाच्या पोळ्या आष्टीच्या बसमध्ये गेल्या आणि तिथं नवऱ्यानं खाल्ल्या, आणि इथं आल्यात त्या तिखटामिठाच्या आहेत, चूक माझी आहे, आणि मी मुद्दाम केलेलं नाही.

कुणीतरी मागून म्हणालं की कोपऱ्यावरून डबलरोटी आणू. कुणी म्हणालं, दुकान आज उशिरा उघडतं. एका बाईनं मुलासाठी आणलेला बिस्किटांचा पुडा वर करून दाखवला.

"कणिक गव्हाचीच हाय ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"पाण्यातच भिजवली?"

"हो."

"मंग काऊन थांबून राह्यले सगळे? सोडा गाठ."

पाळकसाहेबांनी गाठ सोडली. पोळ्या बाहेर आल्या, पिवळ्या, जाड, काठाला जरा करपलेल्याही. त्यांनी त्यातली एक दोन्ही हातांत वर धरली, आणि गेल्या महिन्यात आत्याबाईंची पांढरी पोळी धरून जसे उभे राहिले असतील तसेच उभे राहून, तोच आवाज, तेच शब्द म्हणत ती मोडली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बारकाईनं बघत होते. त्यावर हसू नव्हतं, नाराजी नव्हती. ती पोळी त्यांच्या लेखी आता दुसरी कुठली नव्हतीच.

लोक पुढे यायला लागले. मधली वाट भरून गेली, मला मागे जायला जागा उरली नाही. उजवीकडे विहिरीच्या बाजूचं छोटं दार उघडं होतं. मी तिकडे वळले.

"कोठी चालली?" आत्याबाई. "माह्या हाताले पलस्तर हाय. मले गुडघ्यावर कोण टेकवन?"

मी त्यांचा डावा दंड धरला. त्या माझ्यावर सगळा भार टाकून हळूहळू मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसल्या, आणि त्यांना सावरताना मलाही बसावं लागलं. त्यांचा तोल नीट झाला. आता हात सोडून उठता आलं असतं. मी हात सोडला, पण उठले नाही.

पाळकसाहेब रांगेनं पोळीचे तुकडे देत येत होते. पलीकडे कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी. एका पोट्ट्यानं "आई, झोंबतं" म्हणून सूर लावला. रांगेतले मोठमोठे लोक डोळे मिटून, लाल होत, अत्यंत गंभीरपणे चघळत होते, आणि त्या दिवशी प्याल्याची वाट मंडळीनं जितकी आतुरतेनं पाहिली तितकी कधी पाहिली नसेल. कुणी तुकडा परत ठेवला नाही.

मग ते माझ्यासमोर आले आणि थांबले. मी त्यांना सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी तुकडा पुढे केला नाही, पुढच्या माणसाकडेही गेले नाहीत. नुसते उभे राहिले. मी लायक नव्हते, आणि लायक व्हायला आता वेळही नव्हता. पण मला ते हवं होतं. मी हात पसरला.

डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं. खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात उजवीकडून कुजबुज आली. आत्याबाईंची कुजबुज तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू जाते.

"ओवा लय झाला."

आणि मला राग आला. तिथंच, गुडघ्यांवर, तोंडात तो तुकडा असताना. कानशिलं तापवणारा, ताजा, खणखणीत राग. ज्याच्यापायी मी इतके महिने घरी पडदे धूत बसले होते तोच, जसाच्या तसा.

"हात बरा झाला की तुम्हीच करा," मी घास गिळून म्हणाले.

"करीनच," त्या म्हणाल्या. "सरक जराशी. माह्या पदरावर गुडघा हाय तुहा."

मी सरकले. पाळकसाहेब पेला घेऊन आले, आणि मी तोही घेतला.